समुद्रकाठच्या छोट्या दुकानाचे दप्तर

लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी सुरतेच्या बाजारपेठेत जो विधी चोपडापूजन म्हणून होतो आणि आपण ज्याला वहीपूजन म्हणतो, त्यात अलीकडे एक भर पडली आहे. लाल कापडी बांधणीच्या कोऱ्या वहीशेजारी, त्याच पाटावर, कुंकवाचे बोट लावलेला संगणकही ठेवलेला असतो, आणि लाभपंचमीला दुकान पुन्हा उघडले की वर्षाचा जमाखर्च बहुधा त्या संगणकातच चढतो. ज्या नगरीने शतकानुशतके हिशेबाच्या शिस्तीवर आपली पत उभी केली, तिने वहीला आणि यंत्राला एकाच पूजेत बसवावे हे मला सर्वथा योग्य वाटते. कारण दुकान लहान असो वा थोर, त्याचे दप्तर हेच त्याचे चारित्र्य, ही जुनी समजूत तेथे अद्याप जिवंत असल्याचे त्यावरून दिसते. म्हणूनच, मालवणकडे आप्त असलेल्या एखाद्या सुरतवासी मराठी गृहस्थाला, तारकर्लीच्या किनाऱ्यावर स्कूबा डायव्हिंगचे छोटेसे दुकान चालविणाऱ्या भाच्याचा फोन येतो आणि ‘मामा, तुम्ही व्यापाऱ्यांच्या गावात राहता, आमच्या दुकानाला सॉफ्टवेअर कोणते घेऊ?’ असा प्रश्न विचारला जातो, तेव्हा तो प्रश्न योग्य ठिकाणी आलेला असतो. त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

सुरत आणि मालवण यांचा ऋणानुबंध जुना आहे. १६१२ साली सुवाळीच्या समुद्रात पोर्तुगिजांशी झुंजून आणि पुढच्याच वर्षी जहांगीर बादशहाचे फर्मान पदरात पाडून इंग्रजांनी सुरतेत वखार घातली, आणि त्या वखारीला वेळोवेळी कर्ज देणारा सावकार होता वीरजी वोरा, ज्याच्या पेढीची गणना त्या काळच्या अत्यंत धनाढ्य पेढ्यांत होत असे. परक्या देशाच्या कंपनीला अशी कर्जे देता-घेता येत होती ती केवळ वहीतल्या नोंदीवर आणि त्या नोंदीमागच्या शब्दावर. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा वोऱ्याची कोठीही त्यातून सुटली नाही. आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामाचा मुहूर्त झाला, ज्याला सुरतेचे द्रव्य कामी आले असे परंपरा सांगते. त्या दिवसांचा वृत्तांत आज आपल्याला इतक्या तपशिलाने वाचता येतो, याचे एक मोठे कारण असे की इंग्रजांच्या त्या वखारीने आपली पत्रे आणि रोजच्या नोंदी निगुतीने लिहून ठेवल्या आणि त्या टिकल्या. दप्तर टिकले तर मागाहून येणाऱ्याला सत्य कळण्याची शक्यता राहते. ही गोष्ट साम्राज्याला जशी लागू, तशीच किनाऱ्यावरच्या दोन खोल्यांच्या दुकानालाही.

आज त्याच सिंधुदुर्गाच्या परिसरातील खडकांवर प्रवाळ आणि मासे पाहण्यासाठी माणसे पाण्यात उतरतात, आणि त्यांत सुरतेहून येणारेही असतात. सुरतेला समुद्र आहे, डुमस आहे, सुवाळी आहे. परंतु भरती-ओहोटीतील अंतर भारतात जेथे सर्वाधिक, ते खंबातचे आखात आणि तापीने आणलेला गाळ यांमुळे तेथले पाणी इतके गढूळ की हाताची बोटे दिसणे मुश्किल. म्हणून समुद्राच्या तळाची हौस असलेला सुरतकर द्वारकेजवळच्या शिवराजपूरकडे वळतो, गोव्याला जातो, किंवा मालवणला येतो. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग आणि जलक्रीडा प्रशिक्षणाची संस्था आहे, आणि तिच्या आसपास, मालवणपासून देवबागपर्यंत, स्थानिक तरुणांची छोटी दुकाने उभी राहिली आहेत. पावसाळ्यात समुद्र बंद असतो; दिवाळीची सुट्टी, नाताळ आणि मे महिना या तीन मोसमांत वर्षाची कमाई करावी लागते, आणि त्या दिवसांत गर्दी अशी की सकाळी सातपासून फोनला उसंत नसते.

अशा एखाद्या दुकानाच्या टेबलावरची वही जवळून पाहावी. शंभर पानी रजिस्टर, पट्टीने आखलेले रकाने: तारीख, नाव, मोबाइल, माणसे किती, ॲडव्हान्स किती, बाकी किती, आणि शेवटच्या अरुंद रकान्यात ‘कोणाकडून’, म्हणजे कोणत्या हॉटेलवाल्याने अथवा रिक्षावाल्याने गिऱ्हाईक पाठविले, कारण त्याचे कमिशन संध्याकाळी चुकते करायचे असते. ओल्या हाताने पान उलटल्यामुळे शाई पसरून एखादा आकडा वाचता न येणारा झालेला असतो. कोणी चारचे सहा होतात म्हणून वरती खाडाखोड असते. काही नावांपुढे केवळ ‘सुरत पार्टी’ एवढेच लिहिलेले असते. पैशाच्या दृष्टीने ही वही बव्हंशी बरोबर असते, कारण पैसे मोजण्याची सवय आपल्या रक्तात आहे. परंतु त्या सहा जणांपैकी प्रत्यक्ष बोटीत किती बसले, पाण्यात किती उतरले, वर किती आले, कोणाला दमा आहे, कोणाच्या पाठीवर कोणता सिलिंडर होता आणि त्याची तपासणी केव्हा झाली, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या वहीत नसते. मला जे आग्रहाने सांगावयाचे आहे ते एवढेच: डाइव्ह सेंटरसाठी प्रणाली निवडताना आरंभ पैशाच्या खात्यापासून न करता माणसांच्या आणि हवेच्या खात्यापासून करावा. पैशाची चूक उद्या दुरुस्त होते. त्या दुसऱ्या खात्यातील चुकीला रुजवात नाही.

पैशाच्या खात्याचा निकाल आधी लावू, कारण तो सोपा आहे. कापडगिरण्यांना आणि कारखान्यांना माल पुरविणाऱ्या श्यामसुंदर गोएंका यांना आपल्या धंद्याचा हिशेब ठेवील अशी प्रणाली बाजारात मिळेना, म्हणून त्यांनी गणिताचे पदवीधर असलेल्या आपल्या मुलाला, भरत गोएंका यांना, ती लिहावयास सांगितली, आणि त्यातून १९८६ साली जी संस्था उभी राहिली तिचे ‘टॅली’ आज देशभरातल्या पेढ्यांवर चालते. एका दुकानदाराच्या नडीतून जन्मलेली ही वस्तू दुकानदाराला समजते यात नवल नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू आणि सेवा कर लागू झाल्यावर तर अशा प्रणालींचा प्रसार आणखी वाढला. सेवा देणाऱ्या दुकानाची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या वर गेली की महाराष्ट्रात नोंदणी करावी लागते, आणि नोंदणी झाल्यावर हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. तेव्हा कीर्द, खतावणी आणि ताळेबंद यांपुरते, आपल्या सीएला जी प्रणाली परिचित असेल ती घ्यावी आणि त्या बाबतीत अधिक चिकित्सा करू नये.

खरी चिकित्सा माणसांच्या खात्यापासून सुरू होते. २५ जानेवारी १९९८ रोजी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर पाणबुड्यांना घेऊन गेलेली एक बोट परत फिरली, तेव्हा एक अमेरिकन दांपत्य पाण्यातच राहून गेले होते. मोजणीत गफलत झाली होती, आणि ते दोघे नाहीत हे त्यांचे सामान बोटीवर सापडले तेव्हा, म्हणजे दोन दिवसांनी, ध्यानात आले. ते पुन्हा कधीच सापडले नाहीत, आणि त्यानंतर क्वीन्सलंड राज्यात मोजणीचे नियम कडक झाले. आपल्या किनाऱ्यावरही दुःखाचे दिवस आले आहेत: २४ मे २०२२ रोजी तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा आटोपून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा अंत झाला. या दोन घटनांची कारणे भिन्न आहेत. परंतु बोटीवर या क्षणी नेमके कोण आहे, याची नावनिशीवार यादी किनाऱ्यावर कोणाच्या तरी हाती असणे दोन्ही ठिकाणी सारखेच अगत्याचे. म्हणून प्रणाली दाखविण्यास आलेल्या विक्रेत्याला पहिला प्रश्न असा विचारावा: बुकिंग सहा जणांचे आणि आले पाच, तर बोटीची यादी कशी बदलते, ती कोण बदलतो, आणि निघताना व परतताना केलेल्या दोन मोजण्या जुळल्या नाहीत तर तुमची प्रणाली गप्प बसते की बोलते? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर ज्याच्यापाशी नाही, त्याची रंगीत कोष्टके आणि मासिक आलेख पाहण्यात वेळ दवडू नये.

दुसरे खाते हवेचे. डाइव्ह सेंटरच्या मागच्या पडवीत रांगेने उभे असलेले सिलिंडर दुरून सारखे दिसतात. एकाच्या जवळ जाऊन बसावे आणि त्याच्या खांद्यावर, जेथे गोलाई मानेकडे निमुळती होते, तेथे बोट फिरवावे. धातूत ठोकलेली अक्षरे आणि आकडे हाताला लागतात: निर्मात्याची खूण, क्रमांक, कामाचा दाब, आणि ज्या महिन्यात व वर्षी पाण्याच्या दाबाने त्याची परीक्षा झाली ती तारीख. नेहमीच्या वापरातील ॲल्युमिनियमच्या सिलिंडरात सुमारे ११ लिटरांच्या पोकळीत २०० बार दाबाने हवा कोंबलेली असते, म्हणजे मोकळी केल्यास ती दोन हजार लिटरांच्या वर भरेल. एवढी शक्ती पोटात घेऊन तो खाऱ्या वाऱ्यात दिवसरात्र उभा असतो. म्हणून दरवर्षी आतून-बाहेरून नजर घालणे आणि साधारणतः दर पाच वर्षांनी हायड्रो टेस्ट करून घेणे हा त्याच्या बाबतीतला शिरस्ता. आपल्याकडे अशा सिलिंडरांचा कारभार २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांप्रमाणे चालतो, आणि त्यावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपुरास आहे. सिलिंडराइतकेच लक्ष त्यात हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरला हवे: तो किती तास चालला, गाळणी केव्हा बदलली, आणि हवा ओढणाऱ्या नळीचे तोंड जनरेटरच्या धुराकडे तर झालेले नाही ना, कारण तो धूर आत गेला तर कार्बन मोनॉक्साइडसारखे गंधहीन विष थेट गिऱ्हाइकाच्या छातीत उतरते. तोंडात धरावयाच्या रेग्युलेटरची वार्षिक दुरुस्ती, जॅकेटाच्या फुगणाऱ्या पिशव्या, झिजलेले पट्टे, या सर्वांना क्रमांक देऊन प्रत्येकाचे स्वतंत्र खाते उघडता आले पाहिजे, आणि मुदत संपलेली वस्तू भाड्याने देण्याची नोंद प्रणालीने स्वीकारताच कामा नये. साधा इशारा देऊन पुढे जाऊ देणारी प्रणाली मे महिन्याच्या गर्दीत निरुपयोगी ठरते, कारण घाईत असलेला माणूस इशारा पुसून टाकतो.

तिसरे खाते प्रकृतीचे आणि संमतीचे. पाण्याखाली जाण्यापूर्वी कान, फुप्फुसे, हृदय, शस्त्रक्रिया, औषधे, गर्भारपण यांविषयीची प्रश्नावली भरून घेण्याची पद्धत जगभर आहे, आणि ठरावीक प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर आले तर वैद्याची परवानगी लागते. आमच्या किनाऱ्यावर हा कागद बहुधा इंग्रजीत असतो. सुरतेहून आलेल्या कुटुंबातील आजोबा, मुलगा दाखवील तेथे सही करतात आणि वाचले काहीच जात नाही. प्रश्नावली मराठीत, गुजरातीत आणि हिंदीत, आदल्या रात्रीच गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर पाठविता येणे, ही सोय ज्या प्रणालीत असेल तिला मी इतर दहा सोयींहून अधिक मोल देईन. ‘पाडी’ या जगप्रसिद्ध प्रशिक्षण संघटनेच्या प्रथमानुभवाच्या डुबकीला किमान वय १० वर्षे आणि खोलीची मर्यादा १२ मीटर आहे. म्हणजे बालके गिऱ्हाइकांत असणारच, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलाची माहिती ठेवण्यास पालकाची पडताळता येण्याजोगी संमती आवश्यक मानली आहे. पुन्हा, एका डुबकीनंतर किमान १२ तास आणि अनेक डुबक्यांनंतर किमान १८ तास विमानात बसू नये असा सर्वमान्य दंडक आहे. दुपारी पाण्यात उतरून संध्याकाळी गोव्याच्या मोपा विमानतळावरून परतू पाहणाऱ्या पाहुण्याला बुकिंगच्या वेळीच परतीची वेळ विचारणारा एक रकाना असेल तर हा धोका आपोआप टळतो.

आता बाजारात मिळणाऱ्या प्रणालींकडे वळू. त्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. ‘ईव्ह’ किंवा ‘डाइव्हशॉप ३६०’ यांसारख्या, डाइव्ह सेंटरसाठीच परदेशात लिहिलेल्या प्रणालींत भाड्याची सामग्री, दुरुस्ती, शिक्षणक्रम आणि प्रमाणपत्रे यांचा विचार मुळातच झालेला असतो. परंतु त्यांची घडण युरोप-अमेरिकेतील दुकानांची आहे, जेथे प्रमाणपत्रधारक पाणबुडे येतात आणि सामग्री विकत घेतात, तर मालवणचे गिऱ्हाईक बहुतांशी आयुष्यात प्रथमच पाण्याखाली जाणारे असते. दुसरा वर्ग पर्यटनाच्या सर्वसाधारण बुकिंगचा. ‘फेअरहार्बर’ हे त्याचे ठळक उदाहरण, जे २०१८ साली बुकिंग होल्डिंग्ज या बलाढ्य कंपनीने विकत घेतले. अशा ठिकाणी दुकानदाराकडून मासिक वर्गणी न घेता गिऱ्हाइकाच्या बिलावर शुल्क चढविण्याची पद्धत असते. ती फुकट भासते, परंतु काट्यावर भाव करणारे आपले गिऱ्हाईक ते वाढीव शुल्क पाहून शेजारच्या दुकानात जाते. तिसरा वर्ग आपल्याच हातचा: पैशासाठी एखादी देशी प्रणाली, बुकिंगसाठी व्हॉट्सॲपचा व्यवसाय-खाते प्रकार, वसुलीसाठी यूपीआय, आणि माणसे, सिलिंडर व प्रकृती यांसाठी काळजीपूर्वक आखलेली तीन कोष्टके, जी साध्या स्प्रेडशीटमध्येही बसतात. दोन प्रशिक्षक, एक बोट आणि वीसपंचवीस सिलिंडर एवढाच पसारा असलेल्या दुकानाने आरंभी या तिसऱ्या मार्गानेच जावे, असे माझे मत आहे. दुसरी बोट आली, शिक्षणक्रम सुरू झाले, की पहिल्या वर्गाकडे जावे, आणि तोवर आपल्याला काय हवे हे आपल्याच कोष्टकांनी शिकविलेले असते.

वर्ग कोणताही निवडला तरी दोन कसोट्या सोडू नयेत, आणि त्या दोन्ही दोन शहरांच्या अनुभवातून आलेल्या आहेत. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ कोकणच्या किनाऱ्यालगत गेले तेव्हा सिंधुदुर्गात विजेची आणि दूरध्वनीची वाताहत झाली. ज्या दुकानाचे सारे दप्तर दूरच्या सर्व्हरवर आहे आणि इंटरनेटवाचून उघडत नाही, त्याला अशा वेळी आपल्याच गिऱ्हाइकांची नावे कळणार नाहीत. वादळाचे सोडा, बोट खडकाशी नांगरली असता मोबाइलला रेंज नसणे ही नित्याची बाब आहे. तेव्हा नोंद इंटरनेटवाचून व्हावी आणि रेंज येताच ती आपोआप मुख्य वहीत चढावी, ही पहिली कसोटी. दुसरी तिच्या उलट. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला आणि सुरतेचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला; तळमजल्यावर कागदी दप्तर ठेवणाऱ्या पेढीला त्या पुराचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही. म्हणजे दप्तराची एक प्रत दुकानाबाहेर हवीच. परंतु ती बाहेर ठेवताना तिची मालकी बाहेर जाता कामा नये. आपल्या साऱ्या नोंदी, गिऱ्हाइकांची नावे, सिलिंडरांची खाती, संमतिपत्रे, वाटेल तेव्हा, कोणाची मिनतवारी न करता, एक्सेलसारख्या सर्वत्र उघडणाऱ्या स्वरूपात काढून घेता येतात की नाही, हे पैसे देण्यापूर्वी स्वतःच्या हाताने करून पाहावे. सुरतेच्या सराफाने मुनीम बदलला तरी वही पेढीवरच राहत असे. विक्रेता बदलताना वही आपल्यापाशी राहत नसेल, तर तो करार करू नये.

राहता राहिली निवडीची रीत. मोसम बंद असतो ते पावसाळ्याचे महिने या कामाला उत्तम. जून महिन्यात मालक, प्रशिक्षक, बोटवाला आणि टेबलावर फोन घेणारी व्यक्ती यांनी एकत्र बसून, गेल्या मोसमातील रजिस्टर पुढे घेऊन, कोणकोणती गोष्ट विसरली गेली होती याची कागदावर यादी करावी. हीच प्रणालीकडून करावयाच्या मागणीची तेरीज. जुलै-ऑगस्टात दोन-तीन प्रणालींची विनामूल्य चाचणी घ्यावी, आणि ती मालकाने न घेता ज्या पोराला ओल्या हाताने बोटीवर नोंद करावयाची आहे त्याला घ्यावयास लावावी. त्याला जे जमत नाही ते दुकानाला जमणार नाही. दिवाळीच्या गर्दीआधीचे काही आठवडे कागद आणि संगणक दोन्ही चालवून दर रात्री त्यांची रुजवात घ्यावी. जुन्या रजिस्टरचा निरोप घाईने घेऊ नये. बोटीवर जलरोधक पाटीवर पेन्सिलीने लिहिलेली नावांची यादी ही यंत्र कितीही सुधारले तरी ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

एवढ्या छोट्या धंद्याला एवढा खटाटोप कशाला, असे काही वाचकांना वाटेल. नौदलातून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका निवतीच्या खडकांजवळ समुद्रतळी ठेवून पाण्याखालचे संग्रहालय करण्याचा शासनाचा प्रकल्प आहे. तो सिद्धीस गेला की या किनाऱ्यावर येणाऱ्यांची संख्या आणि ते उतरतील ती खोली, दोन्ही वाढतील. मासेमारीवर पोट भरणाऱ्या घरांतील मुलांना त्यातून गावातच प्रतिष्ठेचा रोजगार मिळू शकेल, आणि तो टिकेल की नाही हे बोटींच्या रंगावर वा जाहिरातींवर नव्हे, तर पाहुणा सुखरूप परत जाण्यावर ठरेल. सुरतेच्या पेढ्यांना दूरदेशीचे व्यापारी न पाहता पैसे देत, ते त्यांच्या वहीवरच्या विश्वासाने. मालवणच्या दुकानाकडे तर पाहुणा आपले मूल सोपवितो. तो विश्वास घेण्याचा अधिकार ज्याला हवा, त्याने येत्या वहीपूजनाला नव्या वहीच्या पहिल्या पानावर लाभाच्या आकड्याआधी सिलिंडरांचे क्रमांक आणि त्यांच्या चाचणीच्या तारखा लिहाव्यात, आणि मग जी प्रणाली ते पान नीट सांभाळील, तीच विकत घ्यावी.